मीटरवर ६२ हजार, दुसऱ्या चावीत १ लाख २८ हजार

बीएमडब्ल्यू ३२०डी, मॉडेल २०१०, सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, रनिंग ६२ हजार. पुण्यात एजंटामार्फत झालेल्या या सौद्यात खोटा निघाला तो शेवटचा आकडा, आणि भाव ठरला होता नेमका त्याच्यावर. गाडी चकचकीत होती. ड्रायव्हर सीटचं लेदर नवं, पेडलचे रबर नवे, स्टिअरिंगवर ताजं कव्हर. ६२ हजार चाललेल्या गाडीला यातलं काहीच करावं लागत नाही. (बटणांवरचा रबरी थर चिकट होऊन सुटणं मात्र उन्हाने होतं, त्यावरून रनिंग ठरवू नका.)

मीटरच्या चिपमधला आकडा लॅपटॉप लावून बदलता येतो. पण ई-९० पिढीत (ही गाडी त्याच पिढीतली) किलोमीटर एकाच जागी लिहिलेले नसतात. चावी ओळखणाऱ्या कॅस मॉड्यूलमध्ये (मॉड्यूल म्हणजे गाडीतला छोटा संगणक) नोंद असते, खुद्द चावीत असते, आणि एखादा फॉल्ट पडला की त्या क्षणीचं रनिंग त्या मॉड्यूलमध्ये राहतं. मीटर मागे घेण्यात मुरलेला माणूस मीटर आणि कॅस जुळवून घेतो. रोजची चावी गाडी चालवताना आपोआप नव्या आकड्यावर येते. उरते ती कपाटातली दुसरी चावी. ती शेवटची कधी लागली, तेव्हाचा आकडा तिच्यात तसाच पडून असतो. इथे "दुसरी चावी गावाला आहे" असं सांगून व्यवहार उरकला. ती हाती आल्यावर की-रीडरवर (चावीतली नोंद वाचणाऱ्या यंत्रावर) लावली, तर १ लाख २८ हजार. गिअरबॉक्सच्या जुन्या फॉल्टमध्ये त्याहून पुढचा आकडा होता, १ लाख ७१ हजार.

म्हणून टोकन देण्याआधी दोन्ही चाव्या मागा आणि सगळ्या मॉड्यूलचं स्कॅन करा, फक्त इंजिनचं नव्हे. "फॉल्ट क्लिअर करून देतो" म्हणणाऱ्याला थांबवा. पुरावा तोच पुसला जातो. चॅसी नंबरवरची सर्व्हिस हिस्ट्री मालकालाच अधिकृत वर्कशॉपमधून काढायला सांगा.

या गाडीत रनिंगचा खोटेपणा महागात पडतो तो एन-४७ डिझेल इंजिनमुळे. २०११ च्या सुरुवातीपर्यंतच्या इंजिनांत टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारी साखळी) झिजून तुटण्याची तक्रार जगभर आहे, आणि चेन आहे गिअरबॉक्सच्या बाजूला. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही; चेन तुटली तर व्हॉल्व्हही जातात आणि बिल लाखांत. थंड इंजिन चालू करताना मागच्या बाजूने खरखर ऐकू येते. विकणाऱ्याने आधीच गाडी गरम करून ठेवली असेल, तर बॉनेटवर हात ठेवताच कळतं. त्या दिवशी बघूच नका.

कागदांत आरसीची मुदत आधी पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २०१० मध्ये नोंदलेल्या गाडीची ती मुदत २०२५ मध्ये संपते, पुढे फिटनेस आणि पर्यावरण कर घेणाऱ्याच्या माथी येतो. कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ (कर्ज फिटून बोजा उतरल्याचा फॉर्म) शिवाय पैसे देऊ नका. "अपघात नाही" म्हणतात, पण विमा पॉलिसीत नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दलची सूट) शून्य आहे, तर क्लेम कशाचा घेतला ते विचारा.

फसवणूक झालीच असेल तर स्कॅनचा रिपोर्ट चॅसी नंबर आणि तारखेसह छापून घ्या, जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली पोलिसांत तक्रार होते. ग्राहक आयोगाकडे जाता येतं ते विकणारा व्यावसायिक डीलर असेल तर. एका खासगी मालकाने दुसऱ्याला विकलेल्या गाडीला तो रस्ता सहसा मिळत नाही.