बोटाचं ऑक्सिमीटर: घरात दोन पेशंट, आठ-दहा महिन्यांचा वापर

आधी मुद्द्याचं सांगते. हे मशीन रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगत नाही. आहे त्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन किती टक्के चढलाय, तेवढंच सांगतं. यात केवढा फरक पडतो ते आमच्या घरातच दिसलं.

सासऱ्यांना, अण्णांना, सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार. त्यांचा आकडा ९० च्या आसपास, सर्दी झाली की ८८. छातीच्या डॉक्टरांनी ८८ ते ९२ चालेल असं फाइलवरच लिहून दिलंय, त्यामुळे अण्णा ९० वर निवांत पेपर वाचतात. जाऊबाईंचं उलटं. चाळिशीच्या आतल्या, आकडा कायम ९८, आणि दोन मजले चढून आल्या की कठडा धरून उभ्या. "मशीन तर चांगलं दाखवतंय, जरा वजन कमी कर," असा घरातल्यांचा फुकटचा सल्ला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.२! पाळीत खूप रक्त जायचं, पण हे सगळ्यांसमोर सांगणार कसं?

हिमोग्लोबिन म्हणजे शेअर रिक्षा समजा. एका रेणूत लोहाचे चार अणू, म्हणजे सीटा चार. ऑक्सिमीटर सीटा किती भरल्यात ते बघतं, स्टँडवर रिक्षा किती आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं तर साधारण १.३४ मिली ऑक्सिजन नेतं. हिमोग्लोबिन १४ ग्रॅम असेल तर १०० मिली रक्तामागे १८ मिलीच्या वर ऑक्सिजन जातो, ७.२ असेल तर साडेनऊ मिलीसुद्धा नाही. स्क्रीनवर दोन्ही वेळा ९८. रक्तात नुसता विरघळून जाणारा ऑक्सिजन ०.३ मिलीच्या आसपास, म्हणजे धरला काय नि सोडला काय. ही तूट भरायला हृदय जास्त पळतं. जाऊबाईंची नाडी जिना चढल्यावर १३० च्या पुढे जायची. तो आकडा त्याच स्क्रीनवर होता, पण त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. लोहाची इंजेक्शनं सलाइनमधून घेतल्यावर हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं, नाडी खाली आली. ऑक्सिजन? आधी ९८, आताही ९८.

कोविडमध्ये आशाताई दारोदार येऊन बोटाला हे लावायच्या, तेव्हापासून लोकांच्या डोक्यात ९५ पक्कं बसलंय. शेजारच्या काकू ९७ चे ९६ झाले तरी फोन करतात. त्याची गरज नाही. ९८ टक्क्यांना रक्तातला ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या १०० मिमीच्या आसपास असतो, ९० टक्क्यांना ६०. म्हणजे दाब ४० ने पडला तरी टक्के आठच कमी झाले. तिथून पुढे मात्र घसरगुंडी आहे, दाब ४० वर आला की थेट ७५ टक्के. म्हणून ९० च्या खालचा प्रत्येक टक्का महाग. सीओपीडीवाल्यांनी आपली पट्टी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. आणि त्यांच्या अंगात साठणारा कार्बन डायऑक्साइड या मशीनला दिसत नाही. आकडा चांगला असूनही माणूस गुंगीत असेल तर मशीन बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

आता वापराचं. बोटातून दोन प्रकाश जातात, ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा डोळ्यांना न दिसणारा. त्यातला नाडीच्या ठोक्याबरोबर हलणारा भागच मोजायचा, ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागींची, १९७४ ची. ठोका बोटापर्यंत नीट पोचला नाही की मशीन वाटेल ते दाखवतं. जानेवारीत सकाळी अण्णांच्या गार बोटाला ८१ आले, घरात धावपळ. हात कोमट पाण्यात धरून, पुसून पुन्हा लावलं तर ९०. तेव्हापासून नियम केलाय: पाच मिनिटं स्वस्थ बसायचं, नेलपॉलिश काढायची, हात मांडीवर टेकवायचा, आणि स्क्रीनवरची लाट एकसारखी झाल्याशिवाय आकडा वाचायचा नाही. लाट न दाखवणारं मॉडेल स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

दोन गोष्टी खोक्यावर लिहायला हव्या होत्या. एक, सावळ्या-काळ्या त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. अमेरिकेत २०२० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात कृष्णवर्णीय रुग्णांची ऑक्सिजनची घट या मशीनच्या नजरेतून गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा सुटली होती. दुसरी, गॅस गिझर. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड झाला तर तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो, आणि मशीन त्यालाही ऑक्सिजन समजून ९८ दाखवतं. तिथे कोणी बेशुद्ध पडलं तर बोट शोधत बसू नका, आधी मोकळ्या हवेत आणा.

बाकी बॅटरीच्या दोन सेलांवर बरेच दिवस निघतात. झाकणाची खूंटी मात्र दिवाळीतच तुटली, कंपनीने वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले. सध्या रबरबँड लावून चाललंय.