क्रँक पुली: रबरी डॅम्पर की सिलिकॉनचा?

भाच्याच्या डिझेल गाडीची क्रँक पुली, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या (क्रँकच्या) टोकावरचं चाक, डगमगायला लागली. मेकॅनिक म्हणतो रबरीच घाला, मित्र म्हणतात सिलिकॉनवाली मागव. "मामा, काय करू?"

सिलिंडरमधल्या प्रत्येक स्फोटाला क्रँकला पीळ बसतो. ती थरथर जिरवणं हे या पुलीतच असलेल्या डॅम्परचं काम. रबरीत हब (मधला भाग) आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबराचा थर असतो, तोही ठरावीक कंपनासाठी जुळवलेला. इंजिनात फेरफार नसेल तर तेवढं पुरतं. सिलिकॉनवाल्यात बंद डब्यात दाट द्रव आणि त्यात फिरणारं जड कडं. तो सगळ्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांना) काम करतो.

किंमत? सिलिकॉनचा कित्येक पट महाग, आणि आपल्या छोट्या इंजिनांना मिळणंही मुश्कील.

टिकण्यात रबर मागे पडतं. उष्णतेनं, गळक्या ऑइलनं भेगा जातात, कडी घसरते. हबपासून कडीपर्यंत पांढऱ्या मार्करनं रेघ ओढून ठेवा. रेघ तुटली की पुली गेली. माझ्या जुन्या गाडीत ती बोटभर सरकली होती! सिलिकॉनच्या डब्याला मात्र पोचा पडला की आतलं कडं अडकतं, मग तो भंगारातच. हातोडीवाल्या फिटरपासून जपा.

बसवायची खटपट दोन्हीकडे तीच. हलकी, सॉलिड ॲल्युमिनियमची पुली कोणी सुचवली तर नको म्हणा, तो डॅम्परच नव्हे.

रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला चांगल्या प्रतीची रबरी. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब वाढवलाय, ट्रॅकवर सतत वरच्या आरपीएमला पळवताय, तर सिलिकॉन. भाच्याला रबरीच घ्यायला लावली.