कर्नलची इनलाइन असेंब्ली शिकताना: ‘कंपायलर एक्स्प्लोरर’चे परीक्षण

मुंबई विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीत ८०८६ या इंटेल प्रोसेसरची असेंब्ली शिकवली जाते आणि पुढे कंपायलरची रचनाही येते; पण सी फंक्शनच्या पोटात असेंब्लीची एखादी ओळ (इनलाइन असेंब्ली) घातली की कंपायलर तिच्याशी कसा वागतो, हे या दोन विषयांच्या मधल्या फटीत राहून जाते. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, काम करायचे तर नेमके तेच आधी कळावे लागते. दादरला सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे कर्नलचा कोड वाचायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी त्यासाठी ‘कंपायलर एक्स्प्लोरर’ हे संकेतस्थळ वापरायला लावतो. मॅट गॉडबोल्ट यांनी २०१२ मध्ये सुरू केलेले हे साधन विनामूल्य असून त्यासाठी नावनोंदणीही लागत नाही. डावीकडे सी लिहायचे, उजवीकडे निवडलेल्या कंपायलरने काढलेली असेंब्ली लगेच दिसते, आणि एकमेकींशी जुळणाऱ्या ओळींना दोन्हीकडे एकच रंग असतो.

त्याची खरी किंमत एका साध्या प्रयोगात कळते. ‘रेडी’ नावाचे ग्लोबल व्हेरिएबल घ्यावे आणि ते शून्य आहे तोवर नुसते फिरत राहणारे व्हाइल लूप लिहावे. इंटरप्ट हँडलर (हार्डवेअरचा इशारा आल्यावर चालणारे फंक्शन) ते बदलून खूण करेपर्यंत थांबायचे असले की नवशिका असेच लिहितो. जीसीसी या कंपायलरला ओ-टू पातळीचे ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करणारे फेरफार, सांगितले, की ‘रेडी’ मेमरीतून एकदाच वाचले जाते आणि ते शून्य निघाले तर पुढे स्वतःवरच उडी मारणारी एक जंप तेवढी उरते. इंटरप्टने नंतर कितीही वेळा खूण केली तरी तिकडे पाहणारे कोणी नसते. कंपायलरच्या लेखी यात गैर काही नाही, कारण लूपमध्ये ते व्हेरिएबल बदलणारे त्याला काहीच दिसत नाही. आता लूपच्या आत मेमरी क्लॉबर (‘मेमरी बदललेली असू शकते’ अशी कंपायलरला सूचना) असलेली एक रिकामी व्होलाटाइल (कंपायलरने काढून टाकू नये अशी) असेंब्ली ओळ घालावी. लिनक्समधला बॅरियर मॅक्रो मुळात एवढाच आहे. तिच्यातून एकही मशीन इन्स्ट्रक्शन निघत नाही, तरीही मेमरीतून वाचण्याची ओळ उजवीकडे पुन्हा लूपच्या आत आलेली दिसते. असेंब्लीच्या मजकुरानंतर कोलन देऊन जे लिहिले जाते तो कंपायलरशी केलेला करार असतो, हे फळ्यावर कितीही समजावले तरी या एका दृश्याइतके मनात उतरत नाही. प्रोसेसर स्वतः करतो ती क्रमाची अदलाबदल मात्र इथे दिसणार नाही. एक्स८६ (इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांचे घराणे) वरही आधीचे स्टोअर (मेमरीत लिहिणे) नंतरच्या लोडच्या (वाचण्याच्या) मागे पडू शकते, आणि ते रोखण्यासाठी वेगळे बॅरियर लागतात.

साधनाची मोठी उणीव त्याच्या मूळ मांडणीत आहे. एक्स८६ साठी इंटेल पद्धतीच्या (लक्ष्य आधी, स्रोत नंतर) पर्यायावर खूण आधीपासूनच लावलेली असते. ८०८६ शिकून आलेल्या विद्यार्थ्याला ते ओळखीचे वाटते. पण लिनक्स कर्नलमधली इनलाइन असेंब्ली एटी अँड टी पद्धतीने, म्हणजे स्रोत आधी आणि लक्ष्य नंतर, अशी लिहिलेली असते. ती खूण असताना जीसीसी आपण लिहिलेला मजकूर जसाच्या तसा उतरवतो आणि त्यातल्या ऑपरंडच्या (रजिस्टर, स्थिरांक इत्यादींच्या) जागा तेवढ्या इंटेल पद्धतीने भरतो. मग एटी अँड टीप्रमाणे डॉलरचे चिन्ह लावलेला स्थिरांक आणि इंटेलप्रमाणे टक्क्याचे चिन्ह गळालेले रजिस्टर एकाच ओळीत येतात, आणि अशी ओळ असेंबलर स्वीकारत नाही. क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये त्याच खुणेने केवळ दिसणारे रूप बदलते, म्हणून शेजारच्या खिडकीत तोच कोड सुरळीत दिसतो आणि विद्यार्थी विनाकारण जीसीसीला दोष देतो. ही खूण सर्वांत आधी काढावी. डिरेक्टिव्ह (असेंबलरला दिलेल्या सूचना) लपवणारा फिल्टरही बंद करावा, कारण युजर मेमरी वाचताना फॉल्ट झाला तर कुठे जायचे याची एक्सेप्शन टेबलमधली नोंद कर्नल पुशसेक्शन या डिरेक्टिव्हनेच करतो, आणि मूळ मांडणीत नेमका तोच भाग झाकलेला राहतो.

दुसरा प्रयोग आरडीटीएससीचा, म्हणजे प्रोसेसरचा वेळमोजणी काउंटर वाचणाऱ्या इन्स्ट्रक्शनचा. ही इन्स्ट्रक्शन ६४ बिटांचा काउंटर ३२-३२ बिटांच्या दोन तुकड्यांत, ईडीएक्स आणि ईएएक्स या रजिस्टरांमध्ये ठेवते. जुन्या लेखनात तिचे उत्तर घेण्यासाठी कॅपिटल ए हा कन्स्ट्रेंट (ऑपरंड कुठल्या रजिस्टरात ठेवायचा हे सांगणारे अक्षर) सापडतो. तोच कोड एका खिडकीत ३२ बिटांसाठी आणि दुसरीत ६४ बिटांसाठी कंपाइल करावा: दोन्हीकडे आरडीटीएससी आणि रेट (परतण्याची इन्स्ट्रक्शन) या दोनच ओळी येतात. पहिल्या खिडकीतले उत्तर बरोबर आहे, दुसरीतले चूक. ६४ बिटांत त्या कन्स्ट्रेंटचा अर्थ ‘आरएएक्स किंवा आरडीएक्स यांपैकी एक’ असा होतो, त्यामुळे वरचे ३२ बिट हरवतात आणि तीन गिगाहर्ट्‌झच्या गतीने चालणारा काउंटर सुमारे १.४ सेकंदात पुन्हा शून्यावर येतो. हे साधन दाखवते, निवाडा करत नाही. वाचणाऱ्याला कन्स्ट्रेंटचे नियम माहीत असलेच पाहिजेत.

याहून सावध राहायचे ते छोट्या फंक्शनच्या निर्दोष दिसण्याबाबत. असेंब्लीच्या दोन ओळींपैकी पहिलीच आउटपुटमध्ये लिहिते आणि इनपुट दुसरीत वापरले जाते, अशा वेळी अर्ली क्लॉबरची (इनपुट वापरून होण्याआधीच आउटपुट लिहिले जाते, असे सांगणारी) खूण राहून गेली, तर कंपायलर दोघांना एकच रजिस्टर देऊ शकतो. सुट्या फंक्शनमध्ये इनपुट ईडीआयमध्ये येते, आउटपुट ईएएक्समध्ये जाते, आणि सगळे ठीक दिसते. तेच फंक्शन मोठ्या फंक्शनमध्ये इनलाइन झाले की रजिस्टरांची वाटणी बदलते आणि चूक बाहेर पडते. म्हणून कर्नलचे फ्लॅग (कंपायलरला दिलेले पर्याय) इथेही द्यावेत. विशेषतः स्टॅकखालची, फंक्शनला न राखता वापरता येणारी १२८ बाइटांची जागा, म्हणजे रेड झोन, बंद करणारा फ्लॅग विसरू नये. शेवटचा पडताळा कर्नलच्या झाडातच (सोर्सच्या फोल्डरांत) घ्यावा: मेक आज्ञेला सी फाइलचे नाव डॉट एस शेवटासह दिले की त्या फाइलची खरी असेंब्ली मिळते.

आरआयएससी-व्ही या प्रोसेसर-रचनेवरचा एक्सव्ही६ (शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) वाचणाऱ्यांची इथे चांगली सोय आहे. स्पिनलॉकमधले (फिरत राहून वाट पाहणाऱ्या कुलुपातले) सिंक-लॉक-टेस्ट-अँड-सेट हे कंपायलरचे बिल्टइन फंक्शन चिकटवले की त्यातून अमोस्वॉप ही अदलाबदलीची इन्स्ट्रक्शन निघालेली दिसते. फोनवर मात्र दोन खिडक्या मावत नाहीत, त्यामुळे लोकलमध्ये उभ्याने करण्याचे हे काम नव्हे. पवई-अंधेरीच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: कोड संकेतस्थळाच्या सर्व्हरवर कंपाइल होतो, तेव्हा कंपनीचा कोड तिथे चिकटवू नये. साधनाचा सोर्स खुला आहे. ते आपल्याच संगणकावर बसवता येते आणि तिथे आपण वापरतो तोच कंपायलर जोडता येतो.