गिटारच्या आवाजाची क्लिप ऐकून पैसे भरू नका (फसवणुकीचा अनुभव)

नवशिक्यांसाठी स्वस्तातली अ‍ॅकॉस्टिक गिटार शोधत असाल आणि कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर तीन-चार गिटारच्या आवाजाच्या क्लिप पाठवून "तुम्हीच ऐका, तुम्हीच ठरवा" असं म्हणत असेल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. माझे ५,८०० रुपये गेले आणि बदल्यात यामाहाचं नाव लावलेलं एक लाकडी खोकं घरात येऊन पडलंय. पेजचं नाव लिहून उपयोग नाही कारण ते आता बदललंय, पण पद्धत तीच आहे म्हणून सगळं नीट सांगते.

मुलगी नववीत आहे, क्लासला जाते, तिथलीच गिटार वाजवायची. सर म्हणाले आता घरी प्रॅक्टिस नाही केली तर पुढे सरकणार नाही. त्यांनी तीन नावं दिली, यामाहा एफ२८०, यामाहा एफ३१० आणि थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर कॉर्ट एडी८१०. अडीच-तीन हजाराच्या ३८ इंची गिटारींना त्यांनी सरळ नाही म्हटलं नाही, लहान मुलांच्या हाताला त्या बऱ्या पडतात, पण बॉडी छोटी असल्यामुळे खर्जाच्या तारांचा आवाज भरत नाही आणि वर्षभरात दुसरी घ्यावी लागते असं त्यांचं म्हणणं.

क्लासमध्ये एफ३१० आणि एडी८१० दोन्ही होत्या म्हणून एका शनिवारी मी मुलीला दोन्हीवर एकच गाणं वाजवायला लावलं आणि बसून ऐकलं. मला गिटार येत नाही पण घरात गाणं आहे, कान बरा आहे. एफ३१० चा आवाज मोकळा, वरच्या तारा स्वच्छ, गाणाऱ्याच्या मागे छान बसतो. एडी८१० खालच्या अंगाला जास्त भरीव, स्ट्रमिंग केलं की खोली भरते. दोन्हीची तबली, म्हणजे पुढचं पान, स्प्रूसचंच पण लॅमिनेटेड, त्यामुळे आकाशपाताळाचा फरक असणार नव्हताच. खरा फरक मुलीच्या बोटांना कळला. एफ३१० ची स्केल लेंग्थ, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ६३४ मिमी आणि एडी८१० ची ६४३, म्हणजे नऊ मिलिमीटर फक्त, पण तेवढ्यानेच सारख्या तारा लावल्या तरी लांब गिटारवर ताण वाढतो आणि एफ कॉर्ड, ज्यात पहिलं बोट तारांवर आडवं दाबून धरावं लागतं, ती धरताना तिचं बोट थकायचं. तेव्हा एफ३१० ठरली. दुकानात ती नऊ-दहा हजाराच्या आसपास मिळत होती आणि आमचं बजेट सहा, इथे गाडी अडली.

मग ते पेज सापडलं. सापडलं म्हणजे मी दोन दिवस गिटार गिटार सर्च करत होते तर इन्स्टानेच आणून समोर ठेवलं. "बिगिनर गिटार साउंड कंपॅरिझन", चांगली लाइटिंग, मुलगा नीट वाजवतोय, खाली कॉमेंटमध्ये लोक थँक्यू दादा लिहितायत. मेसेज केला तर व्हॉट्सअ‍ॅपवर तीन क्लिप आल्या, ए, बी, सी, कुठली कुठल्या कंपनीची ते आधी सांगणार नाही, कान लावून ऐका मॅडम आणि सांगा. आम्ही हेडफोन लावून ऐकलं, मुलगी म्हणाली सी, मी म्हटलं सी, नवरा ज्याला तबला आणि पेटीतला फरक कळत नाही तोही म्हणाला सी. मग त्याने सांगितलं की सी म्हणजेच एफ३१०, इंपोर्टरचा क्लिअरन्स स्टॉक, बॉक्सला मार लागलाय म्हणून ५,८००, सोबत बॅग, बेल्ट, कॅपो, पिक सगळं फ्री. कॅश ऑन डिलिव्हरी नाही कारण "गिटार नाजूक वस्तू, परत आली की आमचं नुकसान". ह्या खेळाची गंमत बघा, आपणच निवडलेलं असतं ना, मग शंका घ्यायला मन तयार होत नाही, कुणी गळ्यात मारलंय असं वाटतच नाही.

गिटार आली. दिसायला चकचकीत. हेडवर यामाहा, आत होलमधून दिसणारं लेबल एफ३१०. तारांना मात्र आधीच तांबूस डाग होते आणि मुलीने पहिलीच कॉर्ड वाजवली तर सहावी तार झर्रर्र करून फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पडद्यावर, घासली. ट्यून करून झालं, मोकळ्या तारा बरोबर लागल्या, पण वर सातव्या-आठव्या फ्रेटवर गेलं की सगळं बेसूर. मी त्याला व्हिडिओ पाठवला तर उत्तर काय आलं, "मॅडम नवीन गिटारला अशी थोडी जवारी असतेच, महिन्याभरात बसते."

आता मी राहते मिरजेत. ज्या गावात पिढ्यानपिढ्या लोक सतार-तंबोरे बनवतात, २०२४ मध्ये ज्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला, तिथल्या बाईला हा माणूस जवारी शिकवतोय! तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणीत घुमारा, कारागीर तासन्तास घोडी घासून काढतो, वर दोरा सरकवून ती नेमकी जुळवावी लागते, ती हवीहवीशी असते. गिटारची तार फ्रेटवर आपटून जो आवाज येतो तो दोष आहे, त्याला बझ म्हणतात आणि तो महिन्याभराने आपोआप जात बित नाही.

गिटार घेऊन सरळ सतारमेकर गल्लीत गेले. ओळखीचे एक कारागीर आहेत, गिटार ते बनवत नाहीत पण तारेचं वाद्य ते तारेचं वाद्य. त्यांनी गिटार बंदुकीसारखी डोळ्याला लावून मानेवरून नजर टाकली, मग स्टीलची पट्टी काढली. नटपासून, म्हणजे वरच्या खाचांच्या पट्टीपासून, बाराव्या फ्रेटपर्यंत ३२५ मिमी. बाराव्या फ्रेटपासून घोडीवरच्या पांढऱ्या सॅडलपर्यंत, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीपर्यंत, ३२०. म्हणाले, "ताई, पडदे आपल्या जागी हैत, घोडी चुकीच्या जागी चिकटवलीया. मेली तरी सुरात लागायची न्हाई ही."

हिशोब साधा आहे. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर यायला हवा म्हणजे तिथे तार दाबली की मोकळ्या तारेच्या वरच्या सप्तकातला तोच स्वर येतो. प्रत्यक्षात तार दाबताना थोडी ताणली जाते, स्वर किंचित चढतो, म्हणून सॅडल दोन-तीन मिमी मागेच ठेवतात, जाड तारेच्या बाजूला अजून जरा मागे, म्हणून ते तिरकं दिसतं. आमच्या गिटारचं सॅडल उलट पाच मिमी पुढे होतं, म्हणजे वर जाल तसा स्वर चढा. आणि ह्यात दुसरी गोष्ट पण सापडली. एफ३१० ची स्केल ६३४, तिची अर्धी ३१७. आमची ३२५. म्हणजे लेबलवर काहीही छापलेलं असो, ही एफ३१० असूच शकत नाही. मग मी ओलं बोट होलमधून आत घालून ते लेबल चोळलं तर निळी शाई बोटाला आली, घरच्या प्रिंटरवर काढलेली! त्याच्या खाली अजून एक लेबल आहे, ते कुणाचं हे खरवडून पाहिलं तर नुसता भुसा निघाला.

हे कळवल्यावर त्याचं नवीन सुरू झालं. ट्रस रॉड फिरवा म्हणे, यूट्यूबवर बघा, पाच मिनिटांचं काम. ट्रस रॉड म्हणजे मानेच्या आतली लोखंडी सळई, तिने मानेचा बाक कमी-जास्त होतो, घोडीची जागा काही बदलत नाही. तरी म्हटलं बघू. हेडवरचं छोटं काळं झाकण दोन स्क्रू काढून उघडलं तर खाली सपाट लाकूड! भोक नाही, रॉड नाही, होलमधून आत बघितलं तर तिथेही काही नाही, नुसतं झाकण ठोकलेलं. इतकी मेहनत फसवायला घेतात तेवढी वाजवण्याजोगी करायला घेतली असती तर विकलीच गेली असती.

पण सगळ्यात कहर त्या क्लिपचा. मुलीच्या सरांना सी क्लिप दाखवली, ते दोनदा बघून हसायला लागले. क्लिपमध्ये त्या मुलाचा हात पहिल्या तीन फ्रेटमध्ये साध्या जी कॉर्डवर आहे, कॅपो, म्हणजे मानेवर लावून स्वर चढवायचा चिमटा, लावलेला नाही, पण फोनवर ट्यूनर, म्हणजे स्वर ओळखणारं अ‍ॅप, चालू केलं तर खालचा स्वर ए येतोय, दोन स्वरस्थानं वर. म्हणजे व्हिडिओ एका गिटारचा आणि आवाज कुठल्यातरी दुसऱ्याच रेकॉर्डिंगचा, वरून रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, मारलेला. ए आणि बी मुद्दाम बसक्या आवाजाच्या ठेवल्या होत्या. म्हणजे आम्ही तिघांनी मिळून जो सी निवडला तो निवडला जावा म्हणूनच मांडलेला होता.

ट्रिक माहीत नसली तरी एक लक्षात घ्या, प्रामाणिक माणसाची क्लिपसुद्धा कंपॅरिझनला फारशी कामाची नसते. नव्या तारा कुठलीही गिटार चकचकीत वाजवतात, माइक होलसमोर धरला तर खर्ज फुगतो, बाराव्या फ्रेटकडे धरला तर आवाज पातळ येतो, आणि आपण ऐकतो ते फोनच्या स्पीकरवर. आणि वाजवायला सोपी की अवघड हे तर क्लिपमध्ये येतच नाही. आमच्या गिटारवर बाराव्या फ्रेटला सहाव्या तारेखाली साडेचार मिमी फट होती, अ‍ॅक्शन म्हणतात त्याला, साधारण अडीच-पावणेतीनच्या आसपास असली तर ठीक. साडेचारवर मुलीच्या बोटांना अर्ध्या तासात खाचा पडल्या. आणि गंमत म्हणजे एवढी उंच असूनही सहावी तार घासतच होती कारण एक फ्रेट वर उचलला गेलेला होता.

परत पाठवायचं म्हटलं तर "तुमच्या खर्चाने पाठवा", पत्ता मागितला तर नुसतं एका मोठ्या शहराचं नाव आणि पिनकोड, नंतर ब्लॉक. चार-पाच दिवसांनी दुसऱ्या नंबरवरून एक गोड आवाजाची मुलगी, रिफंड डिपार्टमेंटमधून बोलतेय, क्यूआर पाठवलाय तो स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच, येत नाहीत. मी म्हटलं, पोरी, मला ५,८०० परत हवेत, अजून ५,८०० द्यायचे नाहीत. फोन कट. ज्यांना एकदा गंडवलंय त्यांचे नंबर ही लोकं पुन्हा वापरतात हे धरूनच चाला.

बँकेने सांगितलं पेमेंट तुम्हीच केलंय, त्यामुळे परत ओढता येणार नाही. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर मिळालाय, पैसे मिळालेले नाहीत. १९३० ला जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्याच्या खात्यातले पैसे गोठवले जायची शक्यता जास्त, आम्ही त्याच्याशी मेसेज-मेसेज करण्यात वेळ घालवला तिथे ते खातं रिकामं झालेलं होतं. नाव-पत्ता असलेल्या खऱ्या दुकानदाराशी भांडण असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि पाच लाखापर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी नाही. पण त्यासाठी समोर कुणीतरी पत्त्यासकट हवा, इथे कुणीच नाही.

शेवटी क्लासमधल्याच एका दादाकडून, तो कॉलेजला बाहेरगावी चालला होता, जुनी एफ३१० घेतली, ह्या वेळी पट्टी घेऊनच गेले. नट ते बारावा ३१७, बारावा ते सॅडल बारीक तारेकडे ३१९ च्या आसपास. बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून निघणारा घंटीसारखा हार्मोनिक आणि तिथेच दाबून निघणारा स्वर, दोन्ही ट्यूनरवर जवळजवळ एकाच ठिकाणी. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवून घेतली, कुठे घासत नाही ना. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर कागद सरकेल एवढीच फट आहे का ते बघितलं, तिथे जास्त असली तर एफ कॉर्ड कधीच धड लागत नाही. तो दादा बिचारा म्हणाला काकू तुम्ही गिटार घेताय की प्लॉट मोजताय.

लांबून घ्यायचीच असेल तर विकणाऱ्याला लाइव्ह व्हिडिओ कॉलवर पट्टी लावून दाखवायला सांगा, आतला सिरियल नंबर दाखवायला सांगा, आणि तेव्हाच बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक वाजवायला सांगा, इकडे तुम्ही ट्यूनर लावून बसा. खरा दुकानदार कंटाळेल पण दाखवेल. आमच्यावाल्याने नेटवर्क नाही म्हणून टाळलं असतं ह्याबद्दल मला शंका नाही.

ज्यांच्याकडे अशाच ए, बी, सी क्लिप आल्या आहेत आणि पैसे गेले आहेत त्यांनी रागाने चॅट डिलीट करू नका, एक्स्पोर्ट करून ठेवा, क्लिप सेव्ह करा, पार्सलवरचा कुरिअरचा स्टिकर फाडू नका. तक्रारीत यूपीआयचा यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, विचारतात, तो अ‍ॅपच्या हिस्टरीत त्या पेमेंटवर टॅप केलं की दिसतो, बारा आकडी असतो.