प्रिंट की डीबगर?

कोड कुठे चुकतोय हे शोधताना माझा हात आधी प्रिंटकडेच जातो. एक ओळ टाकायची, प्रोग्राम चालवायचा, व्हेरिएबलची किंमत वाचायची. शिकावं काहीच लागत नाही. पण उत्तर मिळतं ते विचारलेल्या प्रश्नापुरतंच. पुढचा प्रश्न पडला की नवी ओळ, पुन्हा सुरुवातीपासून रन.

डीबगरची, म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवून आतल्या किमती बघू देणाऱ्या साधनाची, खरी ताकद इथेच कळते. मागे एका बिलात बेरीज जुळत नव्हती. चार प्रिंट टाकूनही पत्ता लागेना. मग पायथन भाषेतलं, प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवणारं ब्रेकपॉइंट फंक्शन लावलं (२०१८ च्या ३.७ आवृत्तीपासून ते मुळातच मिळतं, वेगळं काही इम्पोर्ट करावं लागत नाही). प्रोग्राम थांबला. ज्या फंक्शनने हाक मारली होती त्यात एक पायरी वर गेले, तर ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ दिसली, आणि पुढे तिची तुलना थेट ०.३ शी! रकमा फ्लोटमध्ये (दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवल्या होत्या. डेसिमल (दशांश अचूक साठवणारा प्रकार) वापरल्यावर हिशेब जुळला.

तरी डीबगर सगळीकडे चालत नाही. ग्राहक वापरत असलेला सर्व्हर मध्येच थांबवता येत नाही, तिथे नीट लिहिलेले लॉगच, म्हणजे प्रोग्रामने चालताना केलेल्या नोंदीच, हव्यात. दोन थ्रेडच्या (एकाच प्रोग्रामात एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या) शर्यतीतला बग तर एक थ्रेड थांबवला की वेळा बदलून कित्येकदा गायबच होतो. प्रिंटनेही वेळा थोड्या हलतात, पण निदान प्रोग्राम धावत राहतो.

नवीन मुलांना मात्र मी डीबगर पहिल्याच आठवड्यात शिकवते. दुसऱ्याचा कोड समजून घ्यायला त्याच्यासारखं दुसरं साधन नाही.