व्यवसायोपचाराच्या प्रबंधासाठी झोटेरो: वापरानंतरचा अभिप्राय

व्यवसायोपचारात (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे आजार किंवा अपंगत्वानंतर रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीचे उपचार) पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांचा दिवस ओपीडीत आणि वॉर्डात जातो आणि प्रबंधाचे लेखन बहुधा रात्रीवर ढकलले जाते. अशा वेळी संदर्भांचे क्रमांक जुळवण्यात तासन्‌तास घालवणे म्हणजे रुग्णांकडून कष्टाने गोळा केलेल्या माहितीवर विचार करण्याचा वेळ वाया घालवणे होय. म्हणूनच पक्षाघातानंतरच्या हाताच्या कार्यक्षमतेवरील माझा प्रबंध मी सुरुवातीपासून झोटेरो या संदर्भ-व्यवस्थापन प्रणालीवर उभा केला, आणि सिनॉप्सिस (प्रबंधाचा प्राथमिक आराखडा) लिहायला बसलेल्या प्रत्येकाने पहिला लेख उतरवून घेण्याआधीच ती संगणकावर बसवावी, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात 2006 साली सुरू झालेली ही प्रणाली मुक्तस्रोत असून ती विनामूल्य मिळते.

तिची खरी किंमत कळते ती दुरुस्त्यांच्या काळात. वैद्यकीय शाखांत रूढ असलेल्या व्हँकूवर शैलीत संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमाने आकडे द्यावे लागतात. त्यामुळे गाईडनी आधीच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या प्रकरणात एखादा परिच्छेद वाढवायला सांगितला की त्यापुढचे सगळे आकडे आणि शेवटची सूची बदलते. वर्डमध्ये झोटेरोची पट्टी जोडलेली असेल तर नवा संदर्भ घालताच ही सर्व फेरमांडणी आपोआप होते. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीतील क्रमांक किंवा डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक) टाकल्यावर लेखाची नोंद तयार होते, आणि एखादा लेख नियतकालिकाने मागे घेतल्याचे नोंदले गेले असेल तर त्यावर लाल इशाराही दिसतो. उपचारपद्धतीच्या परिणामकारकतेविषयी लिहिणाऱ्याला हा इशारा फार मोलाचा आहे.

मात्र झोटेरो नोंद जशी मिळेल तशी छापते, ती तपासून देत नाही. आपल्या शाखेतील जवळजवळ प्रत्येक प्रबंधात जागतिक आरोग्य संघटनेच्या 2001 च्या आयसीएफ (कार्यक्षमता, अपंगत्व आणि आरोग्य यांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण) या वर्गीकरणाचा उल्लेख असतो. या संघटनेचे इंग्रजी नाव लेखकाच्या रकान्यात नाव आणि आडनाव अशा दोन भागांत गेले, तर सूचीत ‘ऑर्गनायझेशन डब्ल्यू. एच.’ अशा नावाची एक व्यक्तीच अवतरते. त्या रकान्याशेजारचे बटण दाबून नाव एकाच चौकटीत घेतले की हा दोष जातो. लेखांची शीर्षके काही ठिकाणांहून प्रत्येक शब्दाच्या मोठ्या अक्षरासह येतात, तीही एकेक करून सुधारावी लागतात. नियतकालिकांची संक्षिप्त नावे मिळवण्यासाठी दस्तऐवजाच्या सेटिंगमध्ये मेडलाइन या वैद्यकीय लेखसूचीतील संक्षेपांचा पर्याय आहे, तो तेवढा निवडावा.

भारतीय साहित्याच्या बाबतीत कष्ट अधिक आहेत. अखिल भारतीय व्यवसायोपचार संघटना 1952 पासून कार्यरत आहे आणि तिच्या नियतकालिकात आपल्याकडच्या रुग्णांवरील अभ्यास वाचायला मिळतात. परंतु ज्या जुन्या लेखांना डीओआय नाही, त्यांची नोंद छापील अंक समोर ठेवून हातानेच करावी लागते. तरीही ती करावी, कारण मांडी घालून बसणाऱ्या आणि हाताने जेवणाऱ्या रुग्णाविषयी लिहिताना केवळ परदेशी संदर्भांवर विसंबणे मला अपुरे वाटते. सीओपीएमसारख्या (कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर) मूल्यमापन साधनांच्या पुस्तिका मात्र पुस्तक म्हणून नोंदवाव्यात आणि कोणती आवृत्ती वापरली ते न विसरता लिहावे.

विनामूल्य साठवण 300 एमबीच आहे आणि पीडीएफ जोडत गेल्यास ती लवकर भरते. फाइलींचे सिंक बंद ठेवून लेख आपल्या संगणकावरच ठेवले तर पैसे भरण्याची वेळ येत नाही, कारण नुसत्या नोंदींना ही मर्यादा लागू नाही. पण अशा वेळी पेनड्राइव्हवर वेगळी प्रत हवीच.

दोन गोष्टींची विशेष काळजी घ्यावी. प्रबंधाची वर्ड फाइल कोणी गूगल डॉक्समध्ये उघडून पुन्हा उतरवली तर मजकुरातील संदर्भांचा झोटेरोशी असलेला दुवा तुटतो. म्हणून गाईड आणि को-गाईड यांना दुरुस्त्या वर्डमध्येच करण्याची विनंती करावी. छपाई आणि बाइंडिंगसाठी फाइल देताना ‘अनलिंक सायटेशन्स’ ही आज्ञा वेगळ्या प्रतीवर द्यावी आणि मूळ फाइल तशीच जपून ठेवावी, कारण परीक्षकांनी सुचवलेले बदल त्या मूळ फाइलमध्येच करायचे असतात.