पॉवर ग्लोव्ह : चांगल्या हातमोज्याला न मिळालेले खेळ

मॅटेल कंपनीने १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या ‘एनईएस’ या घरगुती व्हिडिओ गेम यंत्रासाठी अमेरिकेत आणलेला पॉवर ग्लोव्ह, म्हणजे हातात घालून खेळ चालवायचा हातमोजा, आज फसलेल्या कंट्रोलरांच्या यादीतच आठवला जातो. मला हा निकाल अर्धाच खरा वाटतो.

त्याचे मूळ व्हीपीएल रिसर्च या कंपनीच्या ‘डेटाग्लोव्ह’मध्ये आहे. संशोधकांसाठी केलेला तो मोजा बोटांची हालचाल प्रकाशतंतूंनी मोजत असे आणि त्याची किंमत हजारो डॉलरच्या घरात होती. तीच कल्पना शंभर डॉलरच्या आसपास बसवायची, तर काटकसर करणे भागच होते, आणि ती ज्या हुशारीने केली आहे तिला मनापासून दाद द्यावीशी वाटते. प्रकाशतंतूंऐवजी येथे वीजवाहक शाईचा थर दिलेल्या लवचिक पट्ट्या आहेत; बोट वाकले की पट्टीचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून प्रत्येक बोटाच्या चार स्थिती ओळखल्या जातात. करंगळीला पट्टीच नाही. हाताची जागा कळावी म्हणून मोज्यावरचे दोन ट्रान्समीटर कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतात, टीव्हीला बसवलेल्या एल आकाराच्या दांडीवरील तीन रिसीव्हर तो टिपतात, आणि ध्वनी पोहोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते. हाताची उंची, डावी-उजवी बाजू, पडद्यापासूनचे अंतर आणि मनगटाचा पीळ असे सगळे एका खेळण्याला कळते!

वापरताना मात्र जीव मेटाकुटीला येतो. खेळ बदलला की मनगटामागच्या बटनांवर त्या खेळाचा क्रमांक टाकायचा, मग हात मध्यावर धरून ‘सेंटर’ दाबायचे, आणि त्यानंतर तो दांडीसमोर अधांतरी धरून ठेवायचा. तळवा जरा वळला की ध्वनीची दिशा चुकते आणि पडद्यावरचे पात्र भलतीकडेच धावते. मोजा फक्त उजव्या हाताचा असल्याने डावखुऱ्या मुलांचा विचारच झालेला नाही, ही गोष्ट मला विशेष खटकते.

तरीही खरे दुखणे खेळांचे आहे. खास या मोज्यासाठी म्हणून दोनच खेळ निघाले, ‘बॅड स्ट्रीट ब्रॉलर’ आणि १९९० मधला ‘सुपर ग्लोव्ह बॉल’. दुसऱ्यात पडद्यावर आपलाच पंजा दिसतो, मूठ मिटली की चेंडू पकडला जातो आणि हात पुढे केला की तो समोरच्या भिंतीवर आदळतो. तेथे हा मोजा का केला असेल हे चटकन उमगते. बाकीचे खेळ चार दिशा आणि दोन बटनांसाठी लिहिलेले, त्यामुळे हाताची सगळी हालचाल शेवटी त्याच मोजक्या आज्ञांत कोंबली जाते, आणि ते काम साधा कंट्रोलर अंगठ्याने अचूक करतो. खेळणाऱ्यांची निराशा रास्तच होती. पुढे मात्र हौशी तंत्रज्ञांनी हाच मोजा संगणकाला जोडून आभासी वास्तवाचे स्वस्तातले प्रयोग केले.

जुन्या वस्तूंच्या बाजारात तो घेणार असाल, तर दांडी सोबत आहे ना हे आधी पाहा, कारण तिच्याशिवाय हाताची जागा कळणारच नाही; आणि ती दांडी जुन्या, जाड टीव्हीच्या कडेवर टेकण्यासाठी केलेली आहे, हेही लक्षात असू द्या.